ओपीडीच्या खिडकीवर नेटवर्क रखडते तेव्हा

सरकारी रुग्णालयात ओपीडीसमोर रांग वाढली की ‘नेट हळू आहे’ असे सांगून अधिक वेगाच्या प्लॅनची फाइल पुढे सरकवली जाते. इंदुरातील आमचा अनुभव असा की दोष पुष्कळदा इमारतीच्या आतच असतो. म्हणून खर्चाआधी मोजमाप करावे, आणि तेही सकाळी गर्दी असतानाच.

पर्ची (महाराष्ट्रात जिला केसपेपर म्हणतात) काढणाऱ्या संगणकावरून आधी राउटरला आणि मग बाहेरच्या सर्व्हरला शंभर-शंभर वेळा पिंग करावे, म्हणजे छोटा चाचणी-संदेश पाठवून उत्तर किती वेळात येते ते पाहावे. केबलने जोडलेल्या राउटरचे उत्तर साधारणतः 1 मिलिसेकंदाच्या आसपास येते. तिथेच पॅकेट (डेटाचे तुकडे) गळत असतील, तर इंटरनेट कंपनीकडे तक्रार करून काहीही साधणार नाही.

मग केबल तपासावी. गिगाबिट (सेकंदाला 1000 मेगाबिट) जोडणीला केबलमधील आठही तारा लागतात, 100 मेगाबिटला मात्र चारच पुरतात; त्यामुळे उरलेल्यांपैकी एखादी तुटली की वेग निमूटपणे दहा पटींनी घटतो आणि पोर्टचा दिवा पेटलेलाच राहत असल्याने कोणालाही शंका येत नाही. एका रुग्णालयात सीटी स्कॅन विभागाची केबल लोखंडी कपाटाच्या पायाखाली चेपलेली सापडली. 500 मेगाबाइटच्या तपासणीच्या प्रतिमा पाठवायला गिगाबिटवर किमान 4 सेकंद लागतात, तर 100 मेगाबिटवर 40. डॉक्टर मात्र सॉफ्टवेअरलाच दोष देत होते. तांब्याची केबल सलग 100 मीटरपेक्षा लांब नेऊ नये. त्यापुढे फायबर टाकावी.

नोंदणीचे संगणक वाय-फायवर ठेवूच नयेत. होळकरकालीन जाड भिंतींच्या इमारतींत तर मुळीच नको. जिथे वाय-फायला पर्याय नाही, तिथे 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6 आणि 11 हेच चॅनेल वापरावेत. रुग्णांच्या नातेवाइकांसाठीचे वाय-फाय वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच उपकरणांवरील स्वतंत्र, वेगळ्या केलेल्या नेटवर्कवर) असावे. ही बाब वेगाइतकीच सुरक्षिततेचीही आहे.

इतके करूनही ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवरील सल्लामसलतीत आवाज तुटत असेल, तर अपलोड कोण खात आहे ते राउटरवर पाहावे. बॅकअप रात्री लावावा, विंडोजचे अपडेट ओपीडीच्या वेळेबाहेर ढकलावेत आणि व्हिडिओ कॉलला राउटरमध्ये प्राधान्य द्यावे. बदल एका वेळी एकच करावा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पिंग करावे आणि दोन्ही आकडे रजिस्टरमध्ये लिहून ठेवावेत. मोठ्या प्लॅनची फाइल करायचीच झाली, तर तिला हेच पान जोडावे.