सह्याद्रीच्या वाटांसाठी माउंटन बाइकचा टायर

दुकानात सगळे नक्षी बघतात. आधी टायरची बाजू चिमटीत धरून पाहा. बेसाल्टच्या धारदार दगडांवर बरेचदा नक्षी झिजण्याआधी बाजूच फाटते. १२० टीपीआयचं (टीपीआय म्हणजे टायरच्या कापडात एका इंचात किती धागे) आवरण हलकं आणि लवचीक, पण पातळ. ६० टीपीआयमध्ये धागे जाड असतात. आकड्यापेक्षाही बाजूला संरक्षक थर आहे की नाही, हे महत्त्वाचं. त्याचं थोडं जास्तीचं वजन खुशाल सोसावं.

कोरड्या, खडकाळ वाटेला २.४ इंच रुंदी. मागचा टायर लवकर झिजतो, म्हणून तिथे कडक रबर आणि जवळजवळ बसलेले नक्षीचे ठोकळे. पुढे मऊ रबर, म्हणजे वळणावर पकड राहते. पावसाळी चिखलात ठोकळे उंच आणि विरळ हवेत, नाहीतर माती अडकून चाक गुळगुळीत होतं. फ्रेम आणि टायरमध्ये किमान ६ मिमी जागा ठेवा.

ट्यूबलेसमध्ये ७० किलोच्या स्वारासाठी पुढे २२, मागे २५ पीएसआय हवेच्या दाबापासून सुरुवात करा. रिम दगडावर आपटली तर २ वाढवा. सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव, प्रत्येक चाकात सुमारे १०० मिली. उन्हाळ्यात लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी तपासा. बाभळीचे काटे वाट बघत असतातच.