मिरगाआधी, खड्डा खणण्याआधी: पुळणीकाठच्या माडबागायतदारांसाठी

मे महिना सरत आला की देवबाग-तारकर्लीपासून शिरोडा-वेळागरपर्यंत एकच चित्र दिसतं. बाणवलीची (उंच जातीच्या माडाची) रोपं आणून विहिरीच्या सावलीत ठेवलेली असतात आणि घरातले दोघं-तिघं खोरं-घमेलं घेऊन पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या, कडेला खड्डे खणत असतात. गेल्या पावसात तिथला माड आडवा झालेला असतो. रिकामी जागा डोळ्यांत खुपते, म्हणून ती भरायची. हा सल्ला त्या खड्ड्यासाठी आहे.

पडलेल्या माडाच्या जागी माड, हा हिशेब आतल्या बागेत बरोबर आहे. पुळणीच्या कडेला तो फसतो, कारण तिथला माड म्हातारा होऊन किंवा वीज पडून गेलेला नसतो. त्याच्या मुळांखालची वाळूच गेलेली असते. माडाला सोटमूळ नाही. बहुतेक सगळी मुळं बुंध्याभोवती दोनेक मीटरच्या घेरात आणि वरच्या मीटर-सव्वा मीटरच्या थरात. उधाणाने हातभर वाळू ओढली की मुळांचा झुबका उघडा पडतो, झाड समुद्राकडे कलतं आणि पुढच्या अमावास्येला जातं. मोठ्या माडाची ही गत, तर रोपाचं काय?

तेव्हा आधी टेप घ्या. न हलणारी एक खूण धरा: विहिरीचा कठडा, घराचा जोता, तुळशीवृंदावन, काहीही. तिथून पुळणीच्या दिशेने सरळ मोजत जा आणि कायमची हिरवळ जिथे संपते तिथे थांबा. पाण्याच्या कडेपर्यंत मोजू नका, ती दिवसातून चार वेळा बदलते. मर्यादवेलीच्या टोकापर्यंतही मोजू नका. उन्हाळ्यात ती कोरड्या वाळूवर पाच-सात मीटर धावत सुटते आणि पहिल्याच उधाणात तेवढी तुटते. केवडा, निगडी अशी लाकूड धरलेली झुडपं जिथवर आहेत किंवा वाळूचा उभा कापलेला कडा जिथे आहे, ती तुमची खरी हद्द.

मोजायचं मे महिन्यात, आणि तुलना मेशी मेची. हे महत्त्वाचं आहे, कारण पुळण वर्षभरात श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होते. पावसाळ्यातल्या उंच, एकामागून एक आदळणाऱ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात नेऊन टाकतात. तिथे तिचा दांडा तयार होतो. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळत जातो, लाटा लांब आणि सावकाश होतात आणि तीच वाळू हळूहळू परत काठावर आणतात. ऑगस्टमध्ये कुणी काठावर उभं राहिलं तर त्याला वाटतं, सगळं गेलं. ग्रामसभेत दगडाच्या बंधाऱ्याचा ठराव होतो तोही याच दिवसांत. त्यातलं बरंचसं डिसेंबरपर्यंत परत येतं. जे पुढच्या मेपर्यंत परत येत नाही तेवढंच खरं गेलेलं.

जुना आकडा कुणाकडेच नसतो. त्यावर उपाय आहे. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं उघडतात. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला बसवा, तुमची विहीर शोधा आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एप्रिल-मेच्या चित्रावर तिथून झुडपांच्या कडेपर्यंतचं अंतर काढा. समजा तेव्हा 64 मीटर होतं आणि आज टेपने 52 भरलं. बारा वर्षांत 12 मीटर, म्हणजे वर्षाला 1. आता रोप कडेपासून 12 मीटर आत लावायचं म्हणता. बाणवली फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे नारळ पाडायला उरली पाच-सहा वर्षं, तीही समुद्र सरासरीने वागला तर. तो तसा वागत नाही. चार वर्षं जागचा हलत नाही आणि एखाद्या वादळात पाच मीटर एकदम नेतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या समोरून गेलं, तेव्हा पावसाळा सुरूही झालेला नव्हता.

माझी पट्टी साधी आहे: वर्षाची झीज गुणिले तीस. वर्षाला मीटरभर झीज असेल तर कडेपासून 30 मीटरच्या आत बाणवलीचा नवा खड्डा नको. अर्धा मीटर असेल तर 15. टी बाय डी (उंच आणि ठेंगू माडांचा) संकर चार-पाच वर्षांत धरतो म्हणून पुढे लावावा असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. संकराला पाणी आणि खत जास्त लागतं, आणि पुळणीकडच्या विहिरीला नेमकं तेच झेपत नाही. त्यावर खाली बोलू.

मग कडेची ती जागा ओस टाकायची? नाही. तिथे वाळू धरून ठेवणारी झाडं हवीत. सगळ्यात पुढे मर्यादवेल. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण समुद्राची मर्यादा कुठे आहे हे तिला पिढ्यान्‌पिढ्या कळतं. तिचे हात-दीड हाताचे, तीन-चार पेरांचे तुकडे कापायचे, दोन पेरं वाळूत दाबायची, मीटरभर अंतर सोडायचं. मिरगाच्या पहिल्या दोन-तीन सरी पडल्यावर लावलेले तुकडे आठवड्याभरात मुळं धरतात. जागा मात्र उधाणाच्या ओल्या रेषेच्या वरची निवडा. तिच्या मागे केवडा आणि निगडी. त्याही मागे उंडी आणि भेंड. उंडी सावकाश वाढते, पण खारा वारा अंगावर घेऊन मागच्या माडाला आडोसा देते. पूर्वी तिच्या बियांचं तेल दिव्याला आणि होड्यांना वापरायचे, म्हणून जुन्या वाड्यांच्या कडेला ती हमखास असायची.

सुरूबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. सुरू भरभर वाढतं, रोप सहज मिळतं आणि वारा अडवतं. पण त्याची मुळं वरवर असतात आणि खाली पडणाऱ्या काड्यांच्या जाड गादीतून दुसरं काही उगवत नाही. कडा कापला गेला की अख्खी रांग ओळीने पुळणीवर झोपते. जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगड किनाऱ्यावर सुरू किती मोडले ते सगळ्यांनी पाहिलं. लावायचंच तर उंडीच्या मागे, एक-दोन ओळी. सगळ्यात पुढे नको.

आता एक कडू गोष्ट. बागेच्या तोंडाशी वाऱ्याने साठलेला वाळूचा जो उंचवटा असतो, तो आपणच सपाट करतो. होमस्टेच्या खोलीतून समुद्र दिसावा म्हणून, गाडी खाली उतरावी म्हणून, घराच्या भरावाला फुकट वाळू मिळते म्हणून. उधाणाची लाट या उंचवट्यावर आपटते, त्यातली वाळू थोडी नेते आणि तिथेच थांबते. उंचवटा नसला तर तीच लाट थेट आळ्यांत शिरते. एका बागेत मी चार मीटर रुंदीची अशी वाट पाहिली, जेसीबीने काढलेली. दोन पावसाळ्यांनी तिथे नाल्यासारखी घळ पडली होती आणि दोन्ही बाजूंचे माड घळीकडे झुकले होते. वाट लागतेच, तर ती अरुंद ठेवा आणि तिरकी काढा, म्हणजे लाटेला सरळ दार मिळत नाही. आधीच मोडलेला उंचवटा पावसाआधी भरून येत नाही. ते काम ऑक्टोबरनंतरचं: झावळ्यांचं आणि चिव्याच्या (बांबूच्या) काठ्यांचं कमरेएवढं विरळ कुंपण घालायचं. वारा त्यातून गेला पाहिजे, नुसता मंदावला पाहिजे. मग वाळू आपोआप मागे पडते. गच्च कुंपण वाऱ्याने आडवं होतं.

विहिरीकडे वळू. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर त्याच्या खाली सुमारे 40 फूट गोड्या पाण्याचा थर टिकतो. उलटंही तितकंच खरं: पंपाने पातळी एक फूट खाली ओढून तशीच ठेवली, तर खालचं खारं पाणी वर चढायला लागतं. किनारा मागे सरला की हा गोडा थर बाजूनेही अरुंद होतो. त्यामुळे समुद्र माडापर्यंत यायच्या कितीतरी आधी तो विहिरीत येतो. पहिली खूण पानांच्या शेंड्यांवर दिसते. सुपारी, केळ, मिरी यांची पानं टोकाकडून करपायला लागतात, माड मात्र अजून हिरवाच असतो.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, हातात धरायचा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, वाडीत मिळून एक घेतला तरी पुरे. फेब्रुवारी, एप्रिल आणि मेअखेर, पंप चालू करण्याआधी आणि तासभर चालवल्यावर, असं दोनदा मोजा. 450 पीपीएमच्या खाली असेल तर निश्चिंत. 2000 च्या वर गेलं तर ते पाणी सुपारी-मिरीला घालू नका. पंपाआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत मोठा फरक पडत असेल तर पंप विहिरीच्या मानाने मोठा आहे. लहान पंप लावा, थोडा थोडा वेळ चालवा, मध्ये विहिरीला सावरू द्या. पाणी कमी पडतं म्हणून विहिरीत खाली बोअर मारणं, हा पुळणीवरचा सगळ्यात महागडा मूर्खपणा आहे.

माडाच्या मुळाशी मीठ घालायची जुनी रीत आहे, आणि आतल्या बागेत तिला अर्थही आहे, कारण माडाला क्लोराइड लागतं. पुळणीच्या पहिल्या चार ओळींत मात्र समुद्र ते काम फुकट करतो. तिथे नको. उधाणाचं पाणी आळ्यात शिरलंच तर घाबरू नका. आळं फोडून पाणी वाट करून काढा आणि जवळ गोडं पाणी असेल तर भरपूर सोडा. वाळूतून मीठ चटकन खाली जातं, बाकीचं कोकणातला पाऊस करतो. जिप्सम विकायला कुणी आलं तर परत पाठवा. ते चिकण मातीच्या खाजणाचं (खाडीकाठच्या खाऱ्या शेताचं) औषध, वाळूचं नव्हे.

खताची मात्रा ठाऊकच आहे. पाच वर्षांवरच्या माडाला वर्षाला 50 किलो शेणखत, नत्र 1 किलो, स्फुरद अर्धा किलो, पालाश 1 किलो. शेणखत आणि स्फुरद जूनमध्ये एकदम, बाकीचं जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी असं तीन हप्त्यांत. पुळणीकडच्या ओळींना जूनचा युरिया मी पहिला जोर ओसरल्यावरच देतो, नाहीतर तो आठ दिवसांत समुद्रात. आळ्यात नारळाची सोडणं पालथी घालून पुरली तर ओल आणि खत दोन्ही धरून ठेवतात.

आडवे झालेले माड तसेच सोडू नका. कुजणाऱ्या बुंध्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मग उभ्या माडाच्या सुईवर चढतो. कलून जखम झालेल्या माडाला सोंड्या भुंगाही शोधून काढतो. कामाचं लाकूड काढून घ्या आणि उरलेलं पाऊस लागण्याआधी जाळा. कोवळ्या माडांच्या वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घाला, दीड महिन्याने पुन्हा.

देवबागसारख्या ठिकाणी एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे कर्ली नदीची खाडी, म्हणजे काळजी दुहेरी. खाडीच्या अंगाला तिवर, कांदळ असेल तर त्याला हात लावू नका. खाजणाची भातशेती असेल तर उघाडीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) फळी मिरगाआधी एकदा उचलून, टेकवून बघा. बांधाला खेकड्यांनी पाडलेली भोकं आत्ताच लिंपा. खांड पडल्यावर ती बुजवायला माणसं मिळत नाहीत.

बंधाऱ्याचं विचारणार, ठाऊक आहे. वस्तीच धोक्यात असेल तर सरकारी बंधाऱ्याला पर्याय नसतो, त्यावर वाद नाही. पण दगडाच्या भिंतीवर आपटून लाट मागे फिरते ती भिंतीच्या पायथ्याची वाळू घेऊन. समोरची पुळण खचते, आणि भिंत जिथे संपते तिथून शेजाऱ्याची जमीन जायला लागते. स्वतःच्या खर्चाने, परवानगीशिवाय सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) दगड टाकणं बेकायदाही आहे. तात्पुरत्या वाळूच्या गोण्या लावायच्या तर त्यांत भरायची वाळू त्याच कड्याच्या पायथ्याची नको. हे सांगावं लागतं, कारण दरवर्षी कुणीतरी तेच करतं.

उधाण कधी, हे पंचांगातही कळतं: अमावास्या-पौर्णिमा आणि पुढचे दोन दिवस. भरतीची वेळ ढोबळ काढायची तर तिथीच्या पाऊणपट, चतुर्थीला तीनच्या सुमारास. त्या दिवसांत हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा उंच लाटांचा इशारा आला तर पंप आणि मोटर आदल्या रात्रीच वर घ्या.

शेवटचं काम कागदाचं. जमीन समुद्रात गेली तरी सातबाऱ्यावर ती तशीच राहते आणि सारा चालू राहतो. जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये वाहून गेलेल्या क्षेत्राच्या आकारात सूट मागायची तरतूद आहे, पण ती मागायला पुरावा लागतो. दर मे महिन्यात त्याच जागी उभं राहून फोटो काढा, खूण चौकटीत आली पाहिजे. आणि मोजलेला आकडा तारखेसकट माजघराच्या भिंतीवर तेलरंगाने लिहा. वह्या पावसात भिजतात.