दुर्बीण घेताना आकड्याला भुलू नका: पक्षी बघणाऱ्यांनो, या चुका टाळा

भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) आल्याचे फोटो फिरू लागले की ओळखीपैकी कुणाचा तरी फोन येतोच. "दुर्बीण घेतोय. वीसची घेऊ का?" वीसची म्हणजे वीस पट मोठं दाखवणारी. मी म्हणतो, आठची घ्या. पलीकडे शांतता. तेवढेच पैसे मोजून कमी आकडा घ्यायचा, हे पुणेकराच्या गळी उतरणं अवघडच.

माझी स्वतःची पहिली दुर्बीण २० बाय ५० होती. वजन किलोच्या आसपास. कुंभारगावच्या होडीत ती डोळ्याला लावली आणि समोर गुलाबी-पांढरं काहीतरी थयथय नाचताना दिसलं. पक्षी वीस पट मोठा होतो तशी हाताची थरथरही वीस पट होते, आणि होडी डुलते ती वेगळीच. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीकडे ८ बाय ३२ची छोटी दुर्बीण होती. तिने पट्टकादंबाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे आरामात पाहिले. मला तो पक्षी सापडेपर्यंत तो उडून गेला होता, कारण वीस पटीत दिसणारा तुकडाच एवढासा असतो. हातात धरून बघायचं तर आठ, फार तर दहा. त्यापुढे ट्रायपॉड हवाच.

दुसऱ्या आकड्याकडे कुणी बघतच नाही. तो पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्याला पहिल्या आकड्याने भागा. ८ बाय ४२ला येतात सव्वापाच मिलिमीटर, २० बाय ५०ला फक्त अडीच. डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत एवढ्या रुंदीचा असतो. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरइतकी आक्रसते, त्यामुळे दुपारी दुकानाच्या दारात उभं राहून समोरची पाटी वाचली तर दोन्ही दुर्बिणी सारख्याच लख्ख वाटतात. फसगत होते ती इथेच. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत, सकाळी साडेसहाला, गच्च झाडीत बसलेला स्वर्गीय नर्तक बघताना बाहुली मोठी झालेली असते आणि अडीच मिलिमीटरचा झोत तिला पुरत नाही. म्हणून दुर्बीण तपासायला संध्याकाळी जा, आणि पाटीऐवजी झाडाखालच्या सावलीत बघा.

हे वीस-पंचवीसचं वेड येतं कुठून? बऱ्याचदा परदेशी शिकाऱ्यांच्या व्हिडिओंतून. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपला, पण व्हिडिओ बघायला बंदी नाही. त्यांची रायफल दगडावर किंवा दोन पायांच्या स्टँडवर टेकवलेली असते, म्हणून तिच्यावरच्या दुर्बिणीला मोठा आकडा झेपतो. शिवाय त्या दुर्बिणीपासून डोळा आठ-दहा सेंटीमीटर मागे ठेवायचा असतो, नाहीतर गोळी सुटतानाच्या धक्क्याने भुवई फुटते. आपल्या दुर्बिणीत हेच अंतर दीड-दोन सेंटीमीटर. त्यांच्याकडून उचलायची असेल तर एकच गोष्ट उचला: वजनाच्या बाबतीतला चिक्कूपणा. डोंगर चढणारा शिकारी ग्रॅम-ग्रॅम मोजतो. वेताळ टेकडीवर दोन तास भटकल्यावर मानेला पाऊण किलो आणि अर्धा किलो यांतला फरक बरोबर कळतो. ८ बाय ४२ साधारण ६०० ते ८०० ग्रॅम, ८ बाय ३२ पाचशेच्या आसपास. मान दुखत असेल तर खांद्यांवरून येणारा हार्नेस लावा. पण हलकी हवी म्हणून खिशात मावणारी १० बाय २५ घेऊ नका. भागाकार करून बघा, पुन्हा तेच अडीच.

घेतल्यानंतरच्या निम्म्या तक्रारी दुर्बिणीच्या नसतातच. चष्मा असेल आणि कडेने काळी सावली येत असेल, तर डोळ्याकडचे रबरी कप खाली करा. तरीही येत असेल तर त्या दुर्बिणीचं आय रिलीफ, म्हणजे मघाशी सांगितलेलं डोळा मागे ठेवायचं अंतर, कमी आहे; चष्मेवाल्यांनी ते पंधरा मिलिमीटरच्या वर आहे ना, हे विकत घेतानाच विचारावं. एक डोळा धूसर दिसत असेल तर उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने फोकस करा, मग डावा मिटून उजव्या नळीवरची डायऑप्टरची, म्हणजे फक्त त्या डोळ्याचा फोकस जुळवणारी, कडी फिरवा. एकदाच करायचं काम, पण कित्येक जण वर्षानुवर्षं करत नाहीत.

एकाऐवजी दोन बगळे दिसत असतील तर मात्र दुर्बीण पडलेली आहे आणि आतल्या प्रिझम सरकल्यात. रविवारच्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेली, दहा मिनिटांत डोकं दुखवणारी दुर्बीण बहुधा याच जातीची. लालभडक भिंगांच्या आणि "१० ते १२०" झूमच्या वाटेला तर जाऊच नका.

सासवडच्या माळावर धाविक पक्षी शोधायला मार्च-एप्रिलमध्ये स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण) नेणार असाल तर सकाळी दहाच्या आत बघून घ्या. नंतर तापलेली हवा थरथरते आणि ६० पटीवर ती थरथरच मोठी दिसते. तेव्हा २० पटीवर या, चित्र सुधारतं.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. नायट्रोजन भरलेली वॉटरप्रूफ दुर्बीण आतून धुरकटत नाही. साधी असेल तर जूनपासून डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. चामडी केसमध्ये कपाटात ठेवलीत तर ऑक्टोबरपर्यंत भिंगावर बुरशीची जाळी. आणि शर्टाच्या टोकाने भिंग पुसू नका, आधी धूळ फुंकणीने उडवा.

माझी ती वीसची दुर्बीण आता गॅलरीत ट्रायपॉडवर असते. चंद्रावरचे खड्डे झकास दिसतात.