भयपटाच्या ट्रेलरमध्ये ताण कसा बांधावा

भयपटाचा ट्रेलर कापायला बसलेला नवा संकलक बहुधा सगळ्यांत भीतिदायक शॉट आधी शोधतो, आणि चूक तिथेच होते. भुताचा चेहरा, रक्ताने माखलेला हात, विहिरीतून वर येणारे केस ही सगळी उत्तरे आहेत, आणि ट्रेलरला लागतात प्रश्न. म्हणून टाइमलाइनवर पहिली क्लिप टाकण्यापूर्वी सगळे फुटेज एकदा शांतपणे पाहावे आणि त्याचे दोन ढीग करावेत. जो शॉट पाहून 'आता काय होणार?' असे मनात येते तो एका ढिगात, आणि ज्याने त्या प्रश्नाचे समाधान होते तो दुसऱ्यात. दुसऱ्या ढिगातले एक-दोनच शॉट ट्रेलरमध्ये यावेत, तेही अर्धवट.

कोल्हापूरला याचा धडा फार जुना आहे. तिथले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या १९२० सालच्या 'सैरंध्री' या मूकपटात कीचकवधाचे दृश्य इतके अस्सल उतरले होते की ते कापावे लागले. ट्रेलरच्या संकलकाने ही कात्री आपणहून चालवावी: वध काढावा आणि वधाआधी दारात पडलेले पाऊल ठेवावे.

पुढचे सगळे मी एका प्रत्यक्ष कामाच्या आधारे सांगतो. करवीर तालुक्यातल्या काही मुलांनी, हंगाम संपल्यावर बंद असलेल्या एका गुऱ्हाळघरात लघुपट चित्रित केला होता. रात्री राखणीला गेलेला भाऊ परतत नाही, म्हणून बहीण त्याला शोधायला जाते, एवढीच कथा. गुळासाठी रस उकळायची पालथी घातलेली मोठी कढई, म्हणजे काहील, तिच्याखालची थंड पडलेली भट्टी, म्हणजे चुलवाण, अंगणात पसरलेले पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, आणि बॅटरीचा एक झोत, एवढ्या साहित्यावर मला ७५ सेकंदांचा ट्रेलर करायचा होता.

कामाची सुरुवात आवाजापासून करावी. चित्र जोडून झाल्यावर मागे संगीत लावण्याची सवय इतर ट्रेलरमध्ये चालून जाते. भयपटात मात्र डोळ्यांआधी कान घाबरतात, त्यामुळे आधी आवाजाचा पट्टा अंथरून त्यावर शॉट बसवणे श्रेयस्कर. पुढच्या शॉटचा आवाज आधीच्या चित्रावरच सुरू करणे, म्हणजे जे-कट, हे इथले सर्वांत उपयोगी हत्यार आहे. आमच्या ट्रेलरमध्ये बहीण घरात कंदिलाची काच पुसत असतानाच पाचटावर पडणाऱ्या पावलांची करकर ऐकू येऊ लागते. तिचा हात थांबत नाही, कारण तो आवाज तिच्यापर्यंत पोहोचलेलाच नाही. तो फक्त आपण ऐकतो. साधारण दोन सेकंदांनी चित्र गुऱ्हाळघराच्या अंगणात जाते, तेव्हा अंगण रिकामे असते. प्रेक्षकाला पात्रापेक्षा थोडे अधिक कळणे आणि तरीही पुरेसे न कळणे, या दोहोंच्या मधल्या जागेत ताण राहतो.

शांतताही अशीच घडवावी लागते. सगळे ट्रॅक एकदम बंद केले तर प्रेक्षकाला आवाज गेल्यासारखे वाटते आणि त्याचे लक्ष भीतीवरून मोबाइलकडे जाते. त्याऐवजी रात्रीची वातावरणातली हलकी घरघर तशीच ठेवून तिच्यातला एकच थर काढावा. शेतावर रात्र काढलेल्या माणसाला ठाऊक असते की जवळ कोणी चालू लागले की रातकिडे गप्प होतात. आम्ही तेवढेच केले: पहिल्या ४० सेकंदांत रातकिड्यांचा आवाज सतत ठेवला आणि बॅटरीचा झोत चुलवाणाच्या तोंडाशी पोहोचण्याआधी एक सेकंद, म्हणजे २४ फ्रेम आधी, तो तोडला. पाहणाऱ्यांपैकी कोणालाही नेमके काय बदलले ते सांगता आले नाही, पण त्या जागी मंडळी सावरून बसत होती.

शॉटच्या लांबीचा विचार करताना मला कुस्तीच्या मैदानातली हलगी आठवते. ठेका हळूहळू चढत जातो, बघणाऱ्यांचे अंग त्या लयीत येते, आणि खरी उत्कंठा ठेका अचानक थांबतो तेव्हा लागते. ट्रेलरमध्ये ९६, ७२, ४८, २४, १२ अशा घटत्या फ्रेमचे शॉट लावले की वेग वाढल्याचे जाणवते. मात्र हा उतार तसाच शेवटपर्यंत नेला तर प्रेक्षक पुढचा कट आधीच ओळखू लागतो. म्हणून १२ फ्रेमच्या दोन-तीन शॉटनंतर एकदम सहा-सात सेकंदांचा स्थिर शॉट द्यावा, ज्यात काहीही घडत नाही. लयीला सरावलेले मन तिथे कट मागत राहते आणि तो मिळत नाही. एकही कट न करता किती साधता येते हे पाहायचे असेल, तर स्टॅन्ली क्यूब्रिक यांच्या १९८० सालच्या 'द शायनिंग'चा ट्रेलर पाहावा: लिफ्टच्या बंद दारांकडे रोखलेला एकच शॉट, आणि दारांतून लोटणारे रक्त.

चेहऱ्याचे शॉट निवडताना किंचाळणारे चेहरे टाळावेत. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा सुपाच्या वाडग्याशेजारी, शवपेटीशेजारी आणि एका स्त्रीशेजारी जोडून दाखवला होता, आणि दर वेळी त्या चेहऱ्यावर वेगळा भाव वाचला जातो, हा त्यामागचा सिद्धांत होता. आमच्या ट्रेलरमधल्या बहिणीचा साधा, ऐकणारा चेहरा पालथ्या काहिलीच्या शॉटनंतर ठेवला की काहिलीखाली काहीतरी आहे हे आपोआप सांगितले जाते. काहील उचललेली दाखवण्याची गरजच उरत नाही.

आता दचकवण्याविषयी. माझ्या पहिल्या कच्च्या जोडणीत, म्हणजे रफ कटमध्ये, विसाव्या सेकंदालाच एक मोठा दणका होता, आणि त्यानंतरची पंचावन्न सेकंदे मेली होती, कारण एकदा दचकून मोकळा झालेला प्रेक्षक पुन्हा घट्ट होत नाही. दणका एकच असावा आणि तो शेवटी असावा. चित्रपटाचे नाव येते, संगीत संपते, लोक सैल होतात आणि मग शेवटचा शॉट येतो, ही जागा आता सर्वांना पाठ झाली आहे. तरीही नावानंतरचा काळा पडदा अपेक्षेपेक्षा अर्धा-एक सेकंद लांबवला तर ती आजही काम करते. दणक्याची ताकद त्याच्या आधीच्या शांततेत असते, नुसत्या आवाजाच्या पातळीत नव्हे. यूट्यूब फार मोठ्या आवाजाचा व्हिडिओ आपोआप खाली आणते, म्हणून सगळा ट्रेलर कर्कश ठेवला तर दणकाही त्याच्याबरोबर दबतो.

तयार झालेला ट्रेलर हेडफोनवर आणि मोबाइलच्या साध्या स्पीकरवरही ऐकावा. छातीत घुमणारा खर्जातला आवाज मोबाइलवर जवळजवळ नाहीसा होतो. त्याच्या जोडीला लाकडाची कुरकुर किंवा पत्र्यावर नखे घासल्याचा आवाज असा वरच्या पट्टीतला थर द्यावा. चित्रपटगृहात दाखवायचा असेल तर ट्रेलरलाही सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, त्यासाठीचे दिवस आधीच धरावेत. आणि चाचणीच्या वेळी पडद्याकडे पाहू नये, पाहणाऱ्यांच्या खांद्यांकडे पाहावे: खांदे जिथे वर जातात तिथे ताण बसला आहे, आणि ते ज्या फ्रेमला खाली येतात ती फ्रेम टाइमलाइनवर टिपून ठेवावी.

आमच्या ट्रेलरमध्ये ती फ्रेम शेवटच्या शॉटमध्ये सापडली. भावाचा हात चुलवाणातून बाहेर येतो, असा तो शॉट होता. हात दिसला की खांदे खाली येत. मी हात येण्याच्या ९ फ्रेम आधी कट केला. आता चुलवाणाच्या काळ्या तोंडातून थोडी राख हलते, रातकिडे पुन्हा सुरू होतात आणि पडदा काळा होतो.