गिटारचा आवाज मैदानात पोचत नाही? मोठा अ‍ॅम्प घेण्याआधी या चुका टाळा

"भाऊ, गिटार दिसून राह्यली, पण आयकू नाही येऊन राह्यली."

आर्णीकडच्या एका गावात भीमजयंतीचा कार्यक्रम होता. पहिलं गाणं संपलं आणि तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी मला हे ऐकवलं. तिसरी रांग म्हणजे माझ्यापासून फार तर पंचवीस फूट. माझ्या पायाशी जेवणाच्या डब्याएवढा नवाकोरा पॉवर अ‍ॅम्प, त्यावर ठळक अक्षरांत २०० वॉट. कापसाच्या पैशातून घेतलेला, त्यामुळे घरी त्याची खरी किंमत अजून सांगितलेली नाही. कीबोर्ड ऐकू येत होता, ऑक्टोपॅड छातीत बसत होता, ढोलकी तर माईक नसतानाही बसस्टँडपर्यंत जात असावी. गिटार मात्र मलाच जेमतेम ऐकू येत होती. त्या क्षणी ठरवलं, आता ५०० वॉटचाच घ्यायचा. बरं झालं, पैसे नव्हते.

पोट्टे मला नेहमी विचारतात की हे छोटे पॉवर अ‍ॅम्प ऑर्केस्ट्राला पुरतात का. स्टेजवर पुरतात. मैदानाला पुरत नाहीत, आणि पुरावेत अशी अपेक्षाही करू नये. पण स्टेजवरही गिटार ऐकू येत नसेल, तर दहातल्या आठ वेळा दोष वॉटचा नसतो.

डब्यावरचा आकडा

अ‍ॅम्पवर छापलेले वॉट किती ओहमच्या स्पीकरला मिळतात (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप) ते त्याच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आपण ते वाचत नाही. सेमूर डंकनचा पॉवरस्टेज १७० हा १७० वॉट देतो तो ४ ओहमला. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या ४४ मॅग्नमचे ४४ वॉट आहेत ८ ओहमचे. ट्रान्झिस्टरच्या किंवा क्लास-डी (म्हणजे हल्लीच्या छोट्या, हलक्या) अ‍ॅम्पला ओहम दुप्पट केले की वॉट साधारण निम्मे होतात. माझे २०० वॉट ४ ओहमचे होते आणि माझा जुना स्पीकरचा बॉक्स १६ ओहमचा. म्हणजे कार्यक्रम सुरू होण्याआधीच २०० चे ५० झाले होते.

(जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचं तंत्र वेगळं. त्याला मागे ४, ८, १६ ची वेगवेगळी तोंडं असतात आणि योग्य तोंडाला लावलं तर वॉट पूर्ण मिळतात. पण तो स्पीकरशिवाय चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आमच्या भागात असे अ‍ॅम्प मला फार दिसले नाहीत, म्हणून एवढंच.)

यावर उपाय म्हणून काही जण दोन-तीन बॉक्स जोडत सुटतात. ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की ४ ओहम होतात, ते ठीक. ४ चे दोन जोडले की २ होतात, आणि मग अ‍ॅम्प ऐन गाण्यात स्वतःला बंद करून घेतो किंवा कायमचा बंद होतो. बॉक्सच्या पाठीवर ओहम मार्करने मोठे लिहून ठेवा. मंडपातल्या अंधारात ती बारीक पट्टी कुणालाच दिसत नाही.

आता माझी खरी चूक सांगतो. ती ओहमपेक्षा मोठी होती.

पॉवर अ‍ॅम्प स्वतःहून आवाज बनवत नाही, आत येणारा सिग्नल ठरावीक पटीने मोठा करतो. बऱ्याच पॉवर अ‍ॅम्पमध्ये ही पट वीसच्या आसपास असते. ४ ओहमला २०० वॉट द्यायचे तर अ‍ॅम्पला २८ व्होल्टच्या थोडं वर काढावे लागतात, म्हणजे आत साधारण १.४ व्होल्ट यायला हवेत. माझ्या मल्टिइफेक्टचं (गिटार आणि अ‍ॅम्पच्या मधली, आवाजाचे रंग बदलणारी पेटी) आउटपुट घरी हेडफोनवर वाजवताना कमी केलेलं होतं, ते तसंच राहिलं. बाहेर पडत असतील ०.३ व्होल्ट. त्याचे वीसपट ६ व्होल्ट. ६ चा वर्ग ३६, भागिले १६ ओहम, उत्तर सव्वादोन वॉट. २०० वॉटच्या डब्यातून सव्वादोन वॉट निघत होते आणि मी अ‍ॅम्पचं बटण शेवटपर्यंत पिळून घाम पुसत होतो.

तेव्हा पॉवर अ‍ॅम्प कमी पडतोय असं वाटलं की आधी त्याच्या मागचं बघा. मल्टिइफेक्टमध्ये आउटपुट 'लाइन' आणि 'इन्स्ट्रुमेंट' असं निवडता येत असेल तर लाइन ठेवा. पॅचचा, म्हणजे साठवलेल्या टोनचा, लेव्हल वाढवा, मास्टर तीन-चतुर्थांशाच्या वर न्या. ओव्हरड्राइव्हचं पेडल थेट पॉवर अ‍ॅम्पला लावून "आवाजच नाही" म्हणणारेही भेटतात. मध्ये प्रीअ‍ॅम्प, म्हणजे सिग्नल आधी थोडा मोठा करणारा टप्पा, नसेल तर तिथे व्होल्टच नसतात, अ‍ॅम्प कशाचे वीसपट करणार?

आणि अ‍ॅम्पपासून बॉक्सपर्यंतची तार. गिटारची पातळ शिल्डवाली केबल स्पीकरला लावू नका. तोंड सारखंच असतं म्हणून बसते खरी, पण ती गरम होते, वॉट खाते, कधी आतल्या आत चिकटून अ‍ॅम्पलाही घेऊन जाते. दीड स्क्वेअर एमएमची दोन कोअरची साधी वायर गावातल्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते. तीच लावा.

दुप्पट वॉट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे

वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम जाणवतील एवढे. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे १०० चा अ‍ॅम्प विकून २०० चा घेणाऱ्याने काय कमावलं, ते तुम्हीच बघा. त्यापेक्षा स्पीकर बदला. १ वॉटला १ मीटरवर ९५ डेसिबल देणारा स्पीकर आणि १०० देणारा स्पीकर यांत जो फरक आहे, तेवढा आणायला अ‍ॅम्प तिपटीहून मोठा घ्यावा लागेल. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा १०० डेसिबलचा आहे. व्हॉक्सचा एसी३० फक्त ३० वॉटचा, पण बारा इंची दोन स्पीकर घेऊन ड्रमसमोर उभा राहतो.

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्ससमोर सुमारे ५५ हजार लोक होते. व्हॉक्सने त्यांच्यासाठी मुद्दाम १०० वॉटचे अ‍ॅम्प बनवले होते. किंकाळ्यांत त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येईना. आमच्या मंडईत (म्हणजे गावच्या जत्रेत) एवढे लोक नसतात, पण बाजूला आकाशपाळणा असतो, त्याचं इंजिन असतं आणि पलीकडे आणखी एक स्टेज असतं.

मैदानाचं काम अ‍ॅम्पकडून करून घेऊ नका

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. १०० वॉट आणि ९८ डेसिबलचा स्पीकर धरला तर एक मीटरवर ११८ डेसिबल होतात, कागदावर. दोन मीटरवर ११२, चारवर १०६. बत्तीस मीटरवर, म्हणजे शंभर फुटांवर, ८८ उरतात. तेही स्पीकरच्या अगदी नाकासमोर बसलेल्याला. बाजूच्या माणसाला त्याहून कमी, आणि पहिल्या रांगेतल्या लेकरांच्या कानांचं काय होतं ते विचारू नका.

म्हणून अ‍ॅम्प स्वतःसाठी आणि शेजारच्या वादकासाठी ठेवा, मैदानाला बिछायतवाल्याच्या (मंडप-साउंडवाल्याच्या) बॉक्समधून ऐकवा. त्याला अ‍ॅम्पसमोर एक माईक मागा. तो म्हणेल, "गायकाला माईक कमी पडून राह्यले, गिटारले कुठून देऊ?" मी एक साधा डायनॅमिक माईक आणि छोटा स्टँड स्वतःच्या बॅगेत ठेवतो. महागडा लागत नाही, गाण्याचा वायरवाला माईकही चालतो. स्पीकरच्या जाळीपासून दोन-तीन बोटं दूर, मधल्या टोपीपासून थोडा बाजूला.

माईक नसेल तर मल्टिइफेक्टमधून सरळ मिक्सरला तार देता येते, पण कॅबिनेटचं सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) चालू करून. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं बहुतेक गिळून टाकतो, डीजेचा बॉक्स काहीच गिळत नाही. सिम्युलेशन बंद ठेवून डिस्टॉर्शन वाजवलं तर पत्र्यावर करवत चालवल्यासारखं ऐकू येतं.

एक चूक मात्र कधीही करू नका. पॉवर अ‍ॅम्पचं स्पीकर आउटपुट मिक्सरमध्ये घालायचं नाही. तिथे वीस-पंचवीस व्होल्ट येतात, मिक्सरचा तो चॅनल जाईल. त्यात बऱ्याच क्लास-डी अ‍ॅम्पच्या दोन्ही तारा जिवंत असतात, मिक्सरच्या ग्राउंडला लागल्या की अ‍ॅम्पही जातो.

याचा उलटा प्रकार आपल्याच गावांत होतो. गिटारचा अ‍ॅम्प ऐनवेळी बसला की कोणीतरी म्हणतं, ग्रामपंचायतीची अहुजाची, भोंग्यांची मशीन आहे, तिला जोडा. जोडा, पण मागे नीट वाचा. त्या मशीनला ४, ८, १६ ओहमची टर्मिनलं असतात आणि शेजारीच ७० व १०० व्होल्टची. ती १०० व्होल्टची ट्रान्सफॉर्मर लावलेल्या भोंग्यांसाठी आहेत. तिथे गिटारचा ८ ओहमचा बॉक्स लावला की बॉक्स आणि मशीन दोन्ही धोक्यात, आणि नंतर सरपंचाला तोंड द्यायचं तुम्हालाच.

घरचा टोन

खोलीत एकट्याने वाजवताना बास आणि ट्रेबल वर, मधलं खाली, असा टोन फार गोड लागतो. ऑर्केस्ट्रात तो कुठेच सापडत नाही. खाली बास आणि ऑक्टोपॅड बसलेले, वर झांज, आणि मधली जागा तुम्ही स्वतःच सोडून दिलेली. मिड वाढवा, १०० हर्ट्‌झच्या खालचं कापा, डिस्टॉर्शन घरच्या निम्म्यावर आणा. एकट्याला कर्कश वाटेल, बँडमध्ये बरोबर बसेल. बॉक्स जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा. गुडघ्याला कान नसतात. त्या आजोबांच्या गावात मी दुसऱ्या गाण्याआधी घाईघाईत एवढंच केलं होतं, मल्टिइफेक्टचा आवाज वाढवला आणि बॉक्स प्लास्टिकच्या खुर्चीवर टाकला. वॉट तेच. आजोबांनी मान हलवली.

तारेवरचा आकडा

आता विजेचं. इथे घाई करू नका, इथे जीव जातो.

आपल्याकडे मंडपाला वीज कुठून येते हे विचारलेलं बरं आणि न विचारलेलंही बरं. कधी शेजारच्या मीटरवरून, कधी जनरेटरवरून, कधी सरळ खांबावर आकडा टाकून. ट्रान्सफॉर्मर लांब असेल आणि हॅलोजन, कूलर सगळं एकाच तारेवर असेल तर २३० चे १८० व्होल्ट होतात. जुन्या पद्धतीच्या जड ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्पचे वॉट यात साठ टक्क्यांवर येतात. कानाला फरक दोनच डेसिबलचा, पण आवाज लवकर फाटायला लागतो. ज्या क्लास-डी अ‍ॅम्पवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, त्यांना याचं फारसं काही वाटत नाही.

खरी भीती उलट दिशेची. थ्री-फेजच्या जोडणीत न्यूट्रल ढिला झाला की एखाद्या फेजवर व्होल्टेज एकदम तीनशेच्या पुढे, चारशेच्या जवळ जाऊ शकतं. तीनशे रुपयांचा मल्टिमीटर बाळगा. अ‍ॅम्प लावण्याआधी बोर्ड मोजा, आणि वीज जाऊन जनरेटर सुरू झाला की पुन्हा मोजा. तोवर प्लग काढलेला बरा.

आणि अर्थिंग. गिटारमधून घरघर येते म्हणून प्लगची तिसरी पिन तोडणारे मी पाहिले आहेत. घरघर जाते, पण गिटारच्या तारा आणि गायकाचा माईक यांत जर फेज उतरला तर बोटं तारेवर आणि ओठ माईकवर असताना तुम्हीच वायर होता. माईकला तोंड लावण्याआधी मीटर एसीवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माईकच्या जाळीला लावा. दहा-वीस व्होल्टच्या वर काही दिसलं तर कारण सापडेपर्यंत वाजवू नका. कधी तो आकडा नुसत्या गळतीचा निघतो, पण ते इलेक्ट्रिशियनला ठरवू द्या. गिटार, कीबोर्ड आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घेतले तर निम्मी घरघर तिथेच जाते. उरलेलीसाठी डीआय बॉक्सवर (गिटार मिक्सरला जोडायची छोटी डबी) ग्राउंड तोडायचं बटण असतं. तिथे तुटते ती सिग्नलची जमीन, विजेची नव्हे. मी स्वतःचा एक बोर्ड बनवून घेतला आहे, त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवला आहे. अ‍ॅम्पपेक्षा त्याच्यावर माझा जास्त जीव.

दुपारचं ऊन आणि कापूस

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो. दुपारभर पत्र्याखाली तापलेला छोटा क्लास-डी अ‍ॅम्प रात्री तिसऱ्या गाण्याला गरम होऊन बंद पडतो, दहा मिनिटांनी आपोआप सुरू होतो, आणि सगळे म्हणतात लूज कनेक्शन आहे. त्याला सावलीत, उघड्यावर ठेवा, वर शाल-श्रीफळ ठेवू नका. पंखा असलेल्या अ‍ॅम्पची जाळी दिवाळीनंतर एकदा ब्रशने झाडा. घरात कापूस भरलेला असेल तर आत काय निघतं ते बघाच.

साउंडचेक संध्याकाळी पाचला करा. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, त्यामुळे कार्यक्रम उशिरा सुरू झाला की सगळ्यात आधी साउंडचेकच कापला जातो. गिटार दुसऱ्याच्या हातात द्या आणि स्वतः शेवटच्या खुर्चीपर्यंत चालत जा. बिछायतवाला सहाला जेवायला गेला की आठपर्यंत सापडत नाही.