गिनीची अंडी कोंबडीखाली ठेवताय? या चुका टाळा

पहिल्या वर्षी आम्ही एका खुडूक कोंबडीखाली सात गावठी अंडी आणि पाच गिनी फाउलची (ठिपकेदार पिसांच्या गिनी कोंबडीची) अंडी एकदमच ठेवली. एकविसाव्या दिवशी गावठी पिल्लं बाहेर आली. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब लेकुरवाळ्या होऊन परसात उकरायला निघाल्या आणि मागची पाच अंडी गार पडली. एक फोडून पाहिलं, आत लव आलेलं पिल्लू होतं. चूक कोंबडीची नव्हती. तिचं अंडं २१ दिवसांत फुटतं, गिनीचं २६ ते २८ दिवस घेतं. एकत्र उबवायचीच असतील तर गिनीची अंडी आठवडाभर आधी ठेवा. अंडी उबवायच्या मशीनमध्येही हाच हिशेब: गिनीचा पंचविसावा आणि कोंबडीचा अठरावा दिवस एकाच तारखेला येतो, त्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद.

अंडी फ्रीजमधली नकोत, धुतलेली नकोत, आठवड्यापेक्षा जुनी नकोत. साठवताना निमुळतं टोक खाली.

सगळ्यात जास्त अंडी वाया जातात ती मशीनमध्ये ओलाव्यासाठी ठेवलेल्या पाण्याच्या वाटीपायी. थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून घरीच मशीन करणारे वाटी पहिल्या दिवसापासून भरून ठेवतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं. पण कोकणातल्या पावसाळ्यात बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा आत ३७.५ अंशांना तापल्यावर ५० टक्क्यांच्या आसपास उरते. सुरुवातीला एवढंच तर हवं असतं! वर पाणी ठेवलं की अंड्यातलं पाणी उडत नाही, रुंद टोकाची हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच गुदमरतं. विदर्भात मे महिन्यात मात्र वाटीशिवाय गत्यंतर नाही. म्हणून शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक आधी घ्या. शेवटच्या तीन दिवसांत ६५ ते ७० टक्के हवी.

त्या तीन दिवसांत झाकण उघडू नका. हे सांगणं सोपं आहे, पाळणं कठीण. आतून चिवचिव ऐकू येते आणि हात शिवशिवतात. पण ओलावा निसटला की आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो. पिल्लाने कवचाला आतून पहिला टोचा मारल्यापासून बाहेर येईपर्यंत बारा-चोवीस तास लागू शकतात. बाहेर आलेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दिवसभर सहज तगतं, त्याला दाणापाण्याची घाई नसते.

वीज गेली तर घाबरू नका, मशीनवर घोंगडी टाका. तास-दोन तासांच्या गारव्याने गर्भ सहसा मरत नाही. थर्मोस्टॅट अडकून पारा ४० च्या वर गेला, तर मात्र मरतो.

पिल्लं निघाल्यावर गिनीची नाटकं सुरू होतात. कोंबडीच्या पिल्लाला चालणारी पाण्याची ताटली तिच्या पिल्लाला बुडवते, म्हणून ताटलीत गोटे भरा. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र असेल तर पाय फाकतात आणि पिल्लू उभंच राहत नाही, गोणपाट घाला. पहिल्या आठवड्यात ब्रुडरमध्ये (पिल्लांच्या उबेच्या खोक्यात) ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा: बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कडेला चोच उघडून बसली तर उष्मा. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात साधारण २० टक्के प्रथिनं असतात, गिनीच्या पिल्लांना २४ ते २६ लागतात. आम्ही उकडलेल्या अंड्याचा चुरा मिसळतो.

मानमोडी रोगाची लासोटा लस पहिल्या आठवड्यात, डोळ्यात एक थेंब. ती खिशात घालून आणू नका, बर्फातच आणा.

आणि गिनी मोठी झाल्याबरोबर खुराड्याचं दार उघडू नका. घर ओळखीचं होण्याआधी सोडली, तर ती संध्याकाळी शेजारच्या आंब्यावर बसते आणि मग दाणे दाखवून काही उपयोग नाही. चार-सहा आठवडे आतच ठेवा. पहिल्यांदा सोडाल ती उपाशी पोटी, दिवस मावळायच्या तासभर आधी, आणि निम्मीच. आत राहिलेल्यांच्या कलकलाटाने बाहेरच्या परत येतात.