गावरान वाण आणि शिवाराचं नियोजन : या चुका टाळा

आमच्या घरची तूर हातातून गेली ती बी संपून नव्हे. शेंगेवर जांभळ्या रेघा, दाणा पांढरा नि टपोरा, पेरणीपासून काढणीपर्यंत साडेसहा महिने. आई तिचं बी दरवर्षी राखेत घोळून मडक्यात ठेवायची. एकही पेरणी चुकली नाही, तरी पाच-सहा वर्षांत ती तूर ओळखू येईना. एकाच ओळीत काही झाडं मार्गशीर्षातच खडखडीत वाळलेली, तर काही पौष सरला तरी हिरवीगार. शेंगा निम्म्या बिनरेघांच्या, दाण्यात तांबडे मिसळलेले. झालं होतं असं, की ज्या माळाच्या पट्टीवर ती तूर असायची ती पट्टी आम्ही सपाट करून दुसऱ्या कामाला घेतली आणि तूर खालच्या रानात आणली. शेजारी सुधारित तूर होती, दोन्ही एकाच वेळी फुलावर आल्या, आणि मधमाश्या काही बांध पाहून थांबत नाहीत. बी आम्ही जपलं होतं, त्याची जागा जपली नव्हती.

गावरान वाणांबद्दल बोलताना सगळा भर बियाण्यावर असतो. जागेबद्दल फारसं कुणी बोलत नाही. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका त्यातूनच होतात, आणि त्यांतल्या बऱ्याच मी स्वतः केल्या आहेत.

अख्खा गट म्हणजे एकच जमीन, असं धरून चालणं

सातबाऱ्यावर एक गट नंबर, एक क्षेत्र. त्यामुळे पेरणीही एकाच पिकाची. पण चार एकरांच्या गटात वरच्या अंगाला मुरमाड, मधे काळी, ओढ्याकडे पोयटा आणि एखाद्या कोपऱ्यात पाणी धरून ठेवणारी चिबड, हे नेहमीचं आहे. जुन्या माणसांनी त्या प्रत्येक तुकड्याला वेगळं नाव दिलेलं असतं आणि त्या नावातच तिथं काय येतं ते सांगितलेलं असतं. ‘बरड’, ‘चोपण’, ‘पांढरीचं रान’ ही नुसती नावं नाहीत.

1976 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था नागपुरात आहे. जमिनींच्या नकाशांचं मोठं काम तिथं झालंय आणि तालुक्याचा विचार करताना ते नकाशे खरोखर उपयोगी पडतात. तुमच्या बांधाच्या आतला फरक मात्र तुम्हालाच खणून पाहावा लागेल. उन्हाळ्यात रान मोकळं असताना चार-पाच ठिकाणी खड्डे घ्या आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते हातानं मोजा. वीतभर मातीखाली मुरूम लागला तर तिथं हुलगा, मटकी किंवा सरळ गवत. वीत ते हातभर माती असेल तर बाजरी आणि तूर. हातभराच्या पुढं काळी उतरत गेली तर शाळू म्हणजे रब्बी ज्वारी, हरभरा, करडई. कृषी विद्यापीठांच्या कोरडवाहू शिफारशीही साधारण 22.5 आणि 45 सेंटिमीटर याच टप्प्यांवर पिकं बदलतात, म्हणजे आजोबांची वीत नि हातच.

हे न पाहता नाव ऐकून वाण आणलं की फसगत होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून तिथल्या मालदांडी ज्वारीचं बी हौसेनं आणून मुरमाड पट्टीत टाकणारे मी पाहिले आहेत. मंगळवेढ्याची ती खोल काळी जमीन पावसाळ्यात पाणी पोटात घेते आणि त्या ओलीवर शाळू थंडीत निघतो. तुमच्या मुरमात ती ओल पीक पोटरीत येईपर्यंतच, म्हणजे कणीस अजून पानात असतानाच, संपते. कणसं बाहेर पडतात पण भरत नाहीत, आणि दोष वाणाला लागतो. आजरा घनसाळ भात किंवा कोरेगावचा वाघ्या घेवडा आणतानाही हाच विचार करायला हवा. त्या वाणाचं निम्मं गुणवैशिष्ट्य त्याच्या गावच्या मातीत नि हवेत आहे.

उलटं निदानही होतं. दरवर्षी त्याच पट्ट्यात सोयाबीन पिवळं पडत असेल तर फवारणी बदलण्याआधी खड्डा घ्या. खाली चुनखडी असेल किंवा पाणी तुंबत असेल, तर तो पट्टा वेगळ्या पिकाला द्यायचा आहे, इतकाच त्याचा अर्थ.

एकट्यानंच पेरणं

ही चूक मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण उत्साही माणसं इथंच खचतात.

आजूबाजूला सगळं सोयाबीन आणि मधोमध तुमची पंधरा गुंठे ज्वारी. दाणा चिकात आला की सकाळी उजाडल्यापासून पाखरांचे थवे त्याच तुकड्यावर. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची, तेव्हाही पाखरं खायचीच; पण ते नुकसान शंभर रानांत वाटलं जायचं, माचाणावर गोफण घेऊन बसायलाही माणसं असायची. आता ते सगळं एकाच्या वाट्याला येतं. कणसाकडं जवळून पाहिलं तर टोकाकडचे दाणे निम्मे फोडलेले, आत पांढरं पीठ उघडं पडलेलं, आणि खाली मातीवर कोंड्याचा थर. दोन वर्षं असं झालं की माणूस म्हणतो, गावरान ज्वारी परवडत नाही. खरं तर एकट्यानं परवडत नाही.

यावर बुजगावणं नि चमकीच्या फिती पुरत नाहीत. निदान चार-पाच शेजाऱ्यांनी लागून असलेल्या रानात, एकाच आठवड्यात, एकाच मुदतीचं वाण पेरायला हवं. मागेपुढे पेरणी झाली तर खोडमाशीलाही उशिराचं कोवळं पीक आयतं मिळतं. म्हणजे वाण टिकवायचं तर शिवाराचं बोलणं आधी झालं पाहिजे: या वर्षी कुठला पट्टा ज्वारीचा, कुठला तुरीचा, जनावरं कुठून जाणार. पेरणीआधी पारावर बसून एवढं ठरवणं हेच गावपातळीचं जमीन-नियोजन आहे. त्याला कुठल्या योजनेचं नाव लागत नाही.

जनावरांचा मुद्दा यातच येतो. उंच वाढणारी गावरान ज्वारी दाण्याइतकीच कडब्यासाठी पेरली जायची. गोठ्यातून बैल गेले, गायरानावर दुसरंच काहीतरी उभं राहिलं, कडब्याला घरचं गिऱ्हाईक उरलं नाही, आणि मग ते उंच वाण बिनकामाचं वाटू लागलं. नुसतं बी वाटून ही साखळी जोडली जात नाही. ज्यांच्याकडे दुभती जनावरं आहेत त्यांच्याशी कडब्याचं आधी बोलून ठेवा, मगच उंच वाण घ्या.

बी ढिगातून उचलणं

मळणी झाल्यावर ढिगातून पायलीभर बाजूला काढायची, ही सवय मोडायला हवी. बी उभ्या पिकात निवडायचं असतं. झाड कसं आहे, कधी पिकलं, कीड किती होती, हे ढिगात दिसत नाही. चांगल्या झाडांना चिंधी बांधा आणि ती वेगळी काढा. बाजरीसारख्या परपरागीभवन होणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या झाडाचे पराग घेणाऱ्या पिकात पाच-दहा सुंदर कणसांवर समाधान मानू नका; शंभरेक झाडांचं बी एकत्र करा, नाहीतर पुढच्या पिढ्या खुजट होत जातात.

अंतर पाळणं पिकानुसार बदलतं. भाताला तीन मीटर पुरतात, कारण त्याचं परागीभवन बहुतेक आपल्याच फुलात होतं. तुरीच्या नि ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याला निदान 100 मीटर अंतर धरतात, मक्याला 200. आपल्या लहान शेतात एवढं कुठून आणायचं? मग ओढा, झाडांची ओळ किंवा डोंगराचा उतार आडोशाला घ्या, किंवा बियाण्यासाठी प्लॉटच्या मधल्या ओळी राखून कडेच्या खायला काढा. पूर्ण शुद्धता मिळणार नाही, पण बरंच वाचतं.

साठवणीत सगळा घोटाळा ओलीचा. तृणधान्याचं बी 12 टक्के आणि कडधान्याचं 9 टक्के ओलाव्याच्या आत वाळवायला हवं. घरी हे कळायला दाताखाली दाणा धरा; कट्‌ असा फुटला तर ठीक, दबला तर अजून ऊन हवं. मग पेरणीच्या पंधरा दिवस आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा. ऐंशी उगवले तर निर्धास्त पेरा, साठ उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवा. आणि सगळं बी एका घरात कधीही ठेवू नका.

एक सावधगिरी. वेगळं दिसणारं प्रत्येक झाड भेसळ समजून उपटू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या धानात वेगळ्या दिसलेल्या मोजक्या लोंब्या बाजूला काढल्या, त्यातून एचएमटी तांदूळ उभा राहिला. वेगळं बी वेगळं ठेवायचं, फेकायचं नाही.

कागदावर फक्त सोयाबीन

15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीची, म्हणजे सातबाऱ्यावर चढणाऱ्या पिकांची नोंद आपण स्वतः मोबाइलवरून करतो. घाईत बहुतेक जण मुख्य पीक टाकून मोकळे होतात. तुरीच्या ओळी, कडेची अंबाडी, माळावरचा हुलगा, काहीच चढत नाही. मग तालुक्याचे आकडे एकत्र होतात तेव्हा तिथं एकच पीक दिसतं, आणि साहजिकच बियाणं, विमा, खरेदी केंद्र, सगळं नियोजन त्याच पिकाभोवती होतं. मिश्र पिकाचा पर्याय निवडून दुय्यम पिकं भरायला पाच मिनिटं जास्त लागतात. ती द्या.

याहून मोठा धोका वरकस जमिनीला आहे. कोकणात नि घाटमाथ्यावर उतारावर नाचणी-वरई घेऊन पुढं काही वर्षं जमीन विसाव्याला ठेवतात. विसाव्याच्या वर्षी पाहणाऱ्याला ती पडीक दिसते आणि नोंदही तशीच होते. सातबाऱ्यावर ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीलायक नाही, असं लागलेल्या तुकड्यात प्रत्यक्षात पिढ्यान्‌पिढ्या पीक येत असेल, तर पोटखराबातलं ‘अ’ वर्गाचं क्षेत्र लागवडीखाली नोंदवून घेण्यासाठी तलाठ्यामार्फत अर्ज करता येतो. तो करून ठेवा, कारण पडीक दिसणाऱ्या जमिनीवर पहिली नजर इतर कामांची जाते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे प्रारूप प्रादेशिक योजना, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची याचा कच्चा आराखडा, प्रसिद्ध करून त्यावर हरकती आणि सूचना मागवतात. आपण नकाशात फक्त दोन गोष्टी शोधतो: रस्ता आपल्या गटातून जातो का, आणि आपली जमीन कुठल्या वापराच्या पट्ट्यात (झोनमध्ये) पडली. हरकतही प्रत्येकाची आपल्या गटापुरती. त्याऐवजी गावानं एकत्र सूचना द्यावी, आणि सोबत पुरावा जोडावा: कुठल्या पट्ट्यात कुठलं वाण किती वर्षं आहे, ओढ्याचं पाणी कुठून येतं, गायरान कोण वापरतं. हा पुरावा आयत्या वेळी तयार होत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीनं लोक जैवविविधता नोंदवही करायची असते आणि तिच्यात पिकांच्या स्थानिक वाणांना जागा असते. मी पाहिलेल्या काही नोंदवह्यांत तिथं नुसतं ‘भात, ज्वारी, तूर’ लिहिलेलं होतं. वाणाचं गावातलं नाव, मुदत, कुठल्या जमिनीत येतं, कशासाठी वापरतात, हे लिहा. विचारायला गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे जा, पुरुषांकडे नंतर. बियाण्याची मडकी त्यांच्या हातात होती. गावरान बी जपणाऱ्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचा 2020 च्या पद्मश्रीने गौरव झाला तो याच ज्ञानाचा.

बियाणं वाटताना कायद्याची भीती अनेकांना वाटते. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं आपल्या शेतातलं बी ठेवायचा, पेरायचा, देवघेव करायचा आणि विकायचाही हक्क शेतकऱ्याला दिलाय. संरक्षित वाणाचं बी मात्र ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. शेतकऱ्यांच्या वाणाच्या नोंदणीला शुल्कही लागत नाही.

वाण गेलंच असेल तर

आधी माहेर-सासरच्या वाटा शोधा. बी लेकीबाळींबरोबर गावोगाव गेलेलं असतं, आणि सोयरिकीतल्या एखाद्या डोंगराकडच्या गावात ते अजून बांधाला असू शकतं. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे, तिथंही चौकशी करता येते. पण नाव, गाव आणि वाणाची खूण नेमकी सांगता आली पाहिजे.

आमची तूर आत्याच्या सासरी सापडली, परड्यातल्या आठ झाडांवर. ओंजळभर दाणे मिळाले. शंभर मोजून गोणपाटात घातले, एकसष्ट उगवले. तेही फेकले नाहीत, पिशव्यांत लावून रानात नेले. या वेळी ती माळाच्या उरलेल्या तुकड्यात आहे, ओढ्याच्या अलीकडे. पलीकडच्या दोन शेजाऱ्यांशी बोलून त्यांची तूर एक पट्टी मागं घ्यायला लावली आहे. शेंगांवर रेघा येतात का, ते पौषात कळेल.